शेवटचे दोन टक्के: जळक्या तेलापासून एन्झाइमने बायोडिझेल

फरसाणवाल्यांचं जळकं तेल गाळणं, तापवणं, त्यातलं पाणी खाली बसवणं यावर लिहिण्यासारखं काही नाही. एन्झाइम वापरायचं ते एवढ्यासाठी, की कॉस्टिक सोड्याने ज्या आंबट तेलाचा नुसता साबण होतो तेही इथे चालतं. माझं डोकं फिरवलं ते शेवटच्या दोन टक्क्यांनी.

१०० लिटर तेलाला २ लिटर पाणी, पाऊण किलो द्रव लायपेज (हेच ते एन्झाइम), १९ लिटर मिथेनॉल; ४० अंशांवर २४ तास जोरात ढवळायचं. तेलातलं सुटं आम्ल, म्हणजे फ्री फॅटी अ‍ॅसिड भराभर उतरतं आणि २ टक्क्यांपाशी ठाण मांडून बसतं. एन्झाइम विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘अजून थोडं टाका.’ टाकू नका! लायपेज दोन्हीकडे काम करतं. मिथेनॉलने आम्लाचं एस्टर, म्हणजेच बायोडिझेल होतं, पाण्याने एस्टरचं परत आम्ल. दोन्ही वेग जुळले की आकडा थांबतो. जादा एन्झाइमने तिथे लवकर पोचाल, पलीकडे नाही. बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १५६०७) आम्लांक ०.५ च्या आत हवा, २ टक्के म्हणजे तो ४ होतो. २७/३ चाचणीवर (३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून न बदललेलं तेल तळाशी बसतं का ते बघणं) विसंबू नका, आम्ल मिथेनॉलमध्ये विरघळतं, त्यामुळे नळी स्वच्छच दिसते.

उपाय कॉस्टिकचाच: एवढ्याशा उरलेल्या आम्लाचा साबण करून तो पाण्याबरोबर काढायचा. आधी खालचं ग्लिसरीन आणि मधला गढूळ थर काढून ठेवा, एन्झाइम त्यात असतं, पुढच्या घाण्याला चालतं. मग वरच्या बायोडिझेलचा १ मिली नमुना १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, फिनॉल्फ्थॅलीन घालून, लिटरला १ ग्रॅम कॉस्टिकच्या द्रावणाने टायट्रेट करा, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब थेंब सोडा. जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटरला. २.५ मिली आले तर १०० लिटरला २५० ग्रॅम, तीन-चार लिटर पाण्यात विरघळवून. ढवळणी हळू, नाहीतर दह्यासारखं घट्ट होतं. तसं झालंच तर कोमट मिठाचं पाणी सोडा आणि रात्रभर हात लावू नका.

हो, मिथेनॉल एकदम ओतायचं नाही, एन्झाइम मरतं. आधी तीन लिटर, उरलेलं आठ-दहा तासांत थेंबाथेंबाने. मिथेनॉलचा पंप ढवळणीच्याच स्टार्टरवर जोडा, म्हणजे ढवळणी बंद पडली की मिथेनॉलही थांबेल. मिथेनॉलचा परवाना आधी काढा.

पामतेलाचं बायोडिझेल नाशिकच्या जानेवारीत गढुळतं, फिल्टर चोंदतो. त्या दिवसांत ते डिझेलमध्ये न मिसळता नुसतं टाकीत भरू नका.