कोळशीच्या पाठीवरचं भोक

वरुडकडचे एक संत्रा बागायतदार काका पिशवीभर पानं घेऊन प्रयोगशाळेत आले. पानं वरून पार काळी. दुकानातून मिळालेलं बुरशीनाशक मारून झालं होतं. "म्याडम, काळं काई जाईना. आता जहाल औषद सांगा."

काळा थर बुरशीचाच असतो, पण ती वाढते चिकट्यावर, आणि चिकटा टाकणारी कीड पानाच्या खालच्या बाजूला रस शोषत बसलेली असते. ती तशीच राहिली तर बुरशीनाशकाचा खर्च वाया. पान उलटं केलं. काळे, चकचकीत, काटेरी ठिपके, कडेला मेणाची पांढरी किनार. हे काळ्या माशीचे, म्हणजे कोळशीचे कोष, लांबी जेमतेम सव्वा मिलिमीटर. काटे पाहूनच प्रजाती (जीनस) कळली: अ‍ॅल्यूरोकॅन्थस.

काळी माशीही पांढऱ्या माशीच्याच कुळातली. या कुळात वर्गीकरण उडत्या माशीवरून होत नाही, कोषावरून होतं. माशा एकमेकींसारख्याच दिसतात. कोषावर मात्र काटे, कडेचे दाते सगळं स्पष्ट असतं, आणि माशी उडाली तरी टरफल पानालाच चिकटून राहतं. मला या कामाची गोडी लागली ती यामुळेच.

आता जात ठरवायची होती. संत्र्यावर या प्रजातीतल्या मुख्यतः दोन जाती येतात, वोग्लुमी आणि स्पिनिफेरस. स्पिनिफेरसची मेणाची किनार रुंद असते, वोग्लुमीची अरुंद. इथे अरुंद होती. तरी नुसत्या किनारीवर मी नोंद करत नाही. काही कोष कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवले, मग अमोनिया घातलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवले. काळा रंग उतरल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली कडेचे दाते मोजता येत नाहीत.

रंग उतरेपर्यंत उरलेली पानं पाहत बसले, आणि खरी गोष्ट तिथे सापडली. माशी कोषातून बाहेर पडते तेव्हा पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. इथे कित्येक कोषांना चीर नव्हतीच, होतं एक गोल, सुबक भोक. काकांना भिंगाशी बोलावलं.

"हे कोनं पाडलं जी?"

"तुमच्या मित्राने. गांधीलमाशीच्या गणातला कीटक आहे, कोषाहूनही लहान. कोळशीला आतून खाऊन बाहेर पडलाय. जहाल औषध माराल तर आधी हाच मरेल. कोषावर औषध तसंही फारसं चालत नाही."

काका बराच वेळ भिंगावरून उठलेच नाहीत.

संध्याकाळी स्लाइडवर दाते मोठे आणि विरळ दिसले. वोग्लुमीच. ही माशी मूळची आशियातली, पण तिला शास्त्रीय नाव मिळालं १९१५ मध्ये, जमैकात सापडलेल्या नमुन्यांवरून! रजिस्टरमध्ये जातीसोबत गोल भोकांचीही नोंद केली. माझ्या मते सल्ल्याच्या चिठ्ठीवर ती किडीच्या नावाइतकीच ठळक हवी.

काकांना सांगितलं, भोकं जास्त असलेल्या झाडांना हात लावू नका. बाकीच्या झाडांवर पुढची नवती फुटली की कोवळ्या पानांखाली अंडी शोधा. गोल गोल वळणात घातलेली असतात. निम्मी उबली की निंबोळी तेल, पानाच्या खालून.

"निम्मी उबली हे मले कसं समजन?"

टेबलावरचं भिंग त्यांच्या पिशवीत टाकलं. एका पानावर अंड्यांचं वळण सापडलं, त्यावर ते समोरच बसून सराव करू लागले.