ए-४६ वरचे लँकेस्टर आणि लिंकनचा स्तंभ

इंग्लंडमध्ये लेस्टरहून लिंकनला निघाल्यावर न्यूआर्क मागे पडले, की ए-४६ महामार्गालगत, नॉर्टन डिस्नी गावाजवळ, लँकेस्टर बॉम्बर विमानाचे पूर्ण आकाराचे पोलादी शिल्प आकाशात झेपावलेले दिसते. ‘ऑन फ्रीडम्स विंग्ज’ नावाचे हे शिल्प २०२५ मध्ये उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, विमानांतून सुमारे १,२५,००० जण उडाले आणि त्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. त्यांची आठवण म्हणून ते उभारले आहे.

पहिल्या खेपेला मी स्वतः गाडी चालवीत होतो आणि ती चूकच झाली. विमान समोर मोठे होत गेले, मागून ट्रक रेटत होता आणि नीट पाहावे तोवर ते आरशात गेले. म्हणून शिल्प पाहण्याची ज्याला हौस आहे त्याने शेजारच्या आसनावर बसावे आणि फोटोसाठी गाडी रस्त्याच्या कडेला मुळीच थांबवू नये. दुसऱ्या खेपेला बहिणीने गाडी चालवली, तेव्हा कुठे रंग लक्षात आला: ढगाखाली काळपट दिसणारे पोलाद ऊन पडताच विटेसारखे तांबूस झाले. तो गंज म्हणजे हयगय नव्हे. या पोलादावर मुद्दाम धरू दिलेला तो थर आतल्या धातूचे रक्षण करतो.

तेथून परत न फिरता लिंकनच्या कॅनविक टेकडीवरील बॉम्बर कमांड केंद्रात अवश्य जावे. तेथील स्तंभ ३१ मीटर उंच आहे, म्हणजे लँकेस्टरच्या पंखांच्या विस्ताराएवढा. रस्त्यावर जे आडवे पाहिले तेच माप येथे उभे केले आहे. भोवतालच्या पोलादी भिंतींवर बॉम्बर कमांडमधील, विमानांतले आणि जमिनीवरचे मिळून, सुमारे ५८,००० मृतांची नावे आरपार कोरली आहेत आणि अक्षरांतून पलीकडचा उजेड दिसतो. विशिष्ट नाव पाहायचे असेल, तर केंद्राच्या संकेतस्थळावरून त्याचा फलक आधीच शोधून ठेवावा, नाहीतर तासभर मान वर करून फिरावे लागते. बॉम्बर कमांडमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे मराठी नावाचे नॅव्हिगेटरही (विमानाचा मार्ग ठरवणारे) होते. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळवून ते युद्धातून वाचले, त्यामुळे त्यांचे नाव येथे शोधू नये.

स्तंभ आणि भिंती पाहण्यास शुल्क नाही, प्रदर्शनास मात्र तिकीट आहे, आणि वेळा आधी तपासाव्यात. स्तंभापाशी उभे राहून समोरच्या टेकडीवरील कॅथेड्रल पाहायचे असेल, तर जाकीट उन्हाळ्यातही जवळ असू द्यावे. वर वारा बोचरा असतो.