तुम्ही विचारलंत म्हणून: घरातले जुने कागद विद्यापीठाला द्यावे का?

अमळनेर, चोपडा, शिरपूर, कुठेही गेलो की कोणीतरी विचारतंच, की कॉलेजची पोरं इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी जुने फोटो, वह्या मागतायत, देऊ का? द्या ना, पण स्कॅन करू द्या, मूळ कागद घराबाहेर काढू नका. पोरं स्कॅनर घेऊन तुमच्या ओट्यावर बसतील, त्यात काय अवघड आहे.

अजिबात देऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, नाहीतर त्यांनी जमवलेले जुने कागद रद्दीत जायला कितीसा वेळ लागतो. बहिणाबाईंचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, पण गाणी टिकली ती घरातल्यांनी ऐकून वहीत उतरवली म्हणून, पुस्तक आलं 1952 ला, त्या गेल्यावर.

आणि मोठ्यांचे कागद कोणीही जपेल हो, अमळनेरच्या प्रताप मिलच्या कामगाराचं हजेरीकार्ड कोण जपणार? कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणाऱ्या बायांच्या आठवणी, सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गेलेल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या गावांची माहिती, हे सगळं लोकांच्या तोंडात आहे, कागदावर फार थोडं. तिथे विद्यापीठाचा खरा उपयोग.

फोटोचं बघा. फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनातला एखादा ग्रुप फोटो निघतो, टोप्या घातलेली पंधरा-वीस पोरं, आणि डावीकडून तिसरा कोण ते फक्त आजीला माहीत. तिला आजच विचारा, मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव लिहा, बॉलपेन नको, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. बोलणं रेकॉर्ड करत असतील तर आजीला अहिराणीतच बोलू द्या, माईक बघून उगाच पुस्तकी मराठी सुरू होते.

फॉर्मवर सही करायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: एक कॉपी आमच्या गावच्या वाचनालयात येणार का, आणि एखादी गोष्ट बाहेर जाऊ नये असं आम्ही म्हटलं तर ती काढणार का. भाऊबंदकी, जमिनीची भांडणं, सासरचं दुःख, रेकॉर्डिंगमध्ये सगळंच येतं ना. हो म्हणाले तर बसा निवांत, नाही म्हणाले तर चहा पाजा आणि कपाट बंदच ठेवा.