राजाला नकार देणाऱ्या न्यायाधीशाच्या मागावर

लीड्सहून हॅरोगेटला जाणारी ३६ नंबरची बस हेअरवुडला थांबते. इथे लोक येतात ते अठराव्या शतकातला भव्य वाडा बघायला. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांच्या आणि गुलामांच्या व्यापाराच्या पैशावर उभा राहिलेला तो वाडा. मी मात्र त्याच आवारात झाडीआड दडलेल्या ऑल सेंट्स चर्चकडे वळले.

आत थडग्यांवर अलाबास्टरची सहा जोडपी शेजारी-शेजारी निजली आहेत. बाकीचे सरदार चिलखतात. सर विल्यम गॅस्कॉइन तेवढे न्यायाधीशाच्या पायघोळ झग्यात, डोक्याला घट्ट बसणारी टोपी. मऊ दगड, त्यामुळे झग्याची चुणी न् चुणी उतरलीय. शेजारी पत्नी एलिझाबेथ. नाइट असून चिलखत नाही, हे मला फार आवडलं.

१४०० साली ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले, १४१९ मध्ये वारले. त्यांनी उद्धट राजपुत्र हॅलला, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीला, भर कोर्टातून तुरुंगात धाडलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती पहिल्यांदा लिहिली गेली १५३१ मध्ये! माझा तरी तिच्यावर विश्वास नाही.

मला ओढ होती ती बिशपथॉर्पची. यॉर्कहून ऊझ नदीच्या कडेने चालत गेले. आर्चबिशपचा हा वाडा आजही त्यांचं निवासस्थान आहे, त्यामुळे फाटकापर्यंतच मजल. १४०५ साली चौथ्या हेन्रीविरुद्ध उठलेल्या आर्चबिशप रिचर्ड स्क्रोपला त्याच्याच या घरात शिक्षा सुनवायची होती. धर्मगुरूला देहदंड देण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला नाही, असं सांगून गॅस्कॉइननी नकार दिल्याचं एका जुन्या बखरीत आहे. मग दुसऱ्याकडून निकाल वदवून घेतला आणि ८ जूनला यॉर्कच्या तटाबाहेर स्क्रोपचं मुंडकं उडवलं. पुढे यॉर्क मिन्स्टर या तिथल्या मोठ्या चर्चमधल्या त्याच्या थडग्यावर एवढी गर्दी होऊ लागली, की सरकारने ओंडके आणि दगड रचून वाट अडवली.

गंमत पुढे आहे. नकार ऐकलेल्या बापाने, म्हणजे चौथ्या हेन्रीने, स्वतः मरेपर्यंत गॅस्कॉइनना पदावर ठेवलं. शेक्सपिअरच्या नाटकात त्याचा मुलगा हॅलही गादीवर येताच त्यांचा मान राखतो. प्रत्यक्षात १४१३ च्या मार्चमध्ये, राज्य हाती आल्यावर थोड्याच दिवसांत, त्याने विल्यम हँकफर्डला त्यांच्या जागी नेमलं.