गिरणीच्या आवारात इंडियन ओशन

कणकवलीहून मुंबईला गाणं ऐकायला जायचं तर आधी गाडीचं वेळापत्रक जुळवावं लागतं. कार्यक्रम रात्री नऊचा, लोअर परळला. तो अकराला आटोपला तर दादरहून १२.०५ ची तुतारी एक्स्प्रेस हमखास मिळते. हे जमतंय म्हटल्यावर तिकीट काढलं, आदल्या रात्री कोकणकन्या पकडली आणि भल्या सकाळी लालबागला मामाकडे पोचलो.

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा. बेस गिटारबरोबर तबला, इंग्रजी ड्रम्सबरोबर लोकगीतं, हे सगळं त्यांनी एकत्र आणलं आणि ते कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो आणखी एका गोष्टीसाठी. २०१० मध्ये त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम कुठल्या कंपनीच्या हाती न देता दर महिन्याला एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. नाव कसलं, तर करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात त्यांची तालीम चालायची त्या घराचा पत्ता. बँडचे एक संस्थापक अशीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले. तबला आणि गाणं दोन्ही सांभाळणारा माणूस. त्यांना समोर बसून ऐकायचं माझं राहून गेलं, म्हणून या वेळी जायचंच असं ठरवलं होतं.

संध्याकाळी निघालो तेव्हा मामाने विचारलं, “खंय रे चाललस?” जागा सांगितली तर तो खुर्चीत सरळ होऊन बसला. तिथल्याच एका गिरणीत तो साचाखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, बदली कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामाही पडला, तो पुन्हा आत गेलाच नाही. आमच्या गावातली कितीतरी घरं तेव्हा मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालायची. “साच्यांच्या खडखडाटात काय्येक ऐकाक येय नाय,” तो म्हणाला. “आमी हाताच्या खुणेन बोलायचो. आता थंय गाणी?” मी त्याला बरोबर चल म्हटलं. गुडघ्यांचं कारण सांगून तो आला नाही.

आत शिरलो तर उंच छत, ओतीव लोखंडाचे खांब तसेच ठेवलेले, मधे रंगीत दिवे. गर्दी बहुतेक विशी-तिशीतली. मी स्टेजच्या डाव्या अंगाला एका खांबाशी उभा राहिलो. राहुल राम यांनी बेसची पहिली तार छेडली आणि खांबाला टेकलेल्या माझ्या तळहाताला ती लागली. कानात येण्याआधी हाताला! हेडफोन लावून वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यात हा स्वर इतका खोल आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

मग ‘माँ रेवा’. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे गाणं तिकडूनच आलेलं. अमित किलम यांनी ड्रम्स सोडून गबगुबी घेतली. छोट्या ढोलकीसारखं वाद्य, काखेत दाबून धरायचं, एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची. ताण वाढला की स्वर चढतो, सैल सोडला की घरंगळत खाली येतो. लांबून ते बोलल्यासारखं ऐकू येतं. धरणात गाव जाणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बाजूची पोरं नाचत होती, मला मात्र जागचं हलवेना.

‘कंदीसा’ने शेवट केला. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना; त्यातला एक शब्द मला कळत नाही. पण सूर एकाच जागी फिरत फिरत चढत जातो आणि ऐकणारे आपोआप त्यात ओढले जातात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा गजर चढवतो, पखवाज आणि झांज टिपेला जातात, तेव्हा मांडवात नेमकं हेच होतं. आमच्या भजनी मंडळात टाळ धरणारा मी, अंग कशाने शहारतं ते मला पक्कं ठाऊक आहे. काही जण अख्खं गाणं मोबाईल वर धरून उभे होते, त्याचं वाईट वाटलं.

अकराच्या आधी बाहेर पडलो. लोअर परळहून लोकल, प्रभादेवी, मग दादर. तुतारीच्या जनरल डब्यासाठी भलीमोठी रांग होती, तरी खिडकी मिळाली.

कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठानसारख्या संस्थेने नाटक आणि गाणं जाणणारा प्रेक्षक तयार केला आहे. रात्रभर दशावताराला बसणारी माणसं आमच्याकडे आहेत. हा बँड इथे आला तर मांडव भरेल याची मला खात्री आहे. गाडीत बसल्या बसल्याच भजनी मंडळातल्या दोघांना तसं लिहून टाकलं. जागा, साउंड आणि खर्च यांचा अंदाज काढायला येत्या रविवारी बसतो आहोत. सिंधुदुर्गातल्या कुणाला यात हात लावायचा असेल तर जरूर यावं.