एल्सवर्थ आणि त्याचा बाप

गेले काही दिवस लिंकन एल्सवर्थ डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकन माणूस, बाप कोळशाच्या खाणींचा मालक, बसून खाल्लं असतं तरी जन्म निघाला असता, पण ह्याला वेड ध्रुवांचं.

1925 चं ते उड्डाण मी परत परत वाचतोय. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनकडे अनुभव होता पण पैसा नव्हता, एल्सवर्थने बापाच्या मागे लागून 85 हजार डॉलर मिळवले (बापाचं मन काही होत नव्हतं), आणि 21 मेला सहा माणसं दोन विमानांतून उत्तर ध्रुवाकडे निघाली. ध्रुव अडीचशे किमी राहिला असताना बर्फावर उतरावं लागलं, एक विमान कामातून गेलं, मग तीन आठवडे अर्धपोटी राहून बर्फ फोडत बसले, कारण उरलेल्या विमानाला उडायला पट्टी हवी. तिथेच पातळ बर्फ फुटून दोघं पाण्यात गेले, पायात स्की तशाच बांधलेल्या, आणि एल्सवर्थने पालथं पडून आपली स्की पुढे केली आणि त्यांना ओढून काढलं. श्रीमंत घरातला पोरगा!! मला ह्या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो.

आणि इकडे जूनच्या सुरुवातीला इटलीत बाप गेला. पोरगा बेपत्ता होता तेव्हा. जिवंत आहे हे म्हाताऱ्याला कळलंच नाही, सगळे सुखरूप परतले ते त्यानंतर. हे वाचून मला फार वाईट वाटलं, काल झोपच लागेना.

पुढच्याच वर्षी नॉर्ज एअरशिपमधून (गॅस भरलेलं हवाई जहाज) उत्तर ध्रुव ओलांडला, ते सगळ्यांना माहितीय. मला त्याहून मोठं वाटतं ते नोव्हेंबर 1935 चं, वय 55, सोबत फक्त पायलट हॉलिक केनयन, आणि पोलर स्टार विमानातून आख्खा अंटार्क्टिका आडवा पार. रेडिओ बंद पडला, शेवटी इंधनही संपलं, राहिलेलं अंतर पायी तुडवत लिटल अमेरिका (अंटार्क्टिकावरचा अमेरिकन तळ) गाठली, जग समजून बसलेलं की हे गेले. वाटेत जो भाग आधी कुणीच पाहिला नव्हता त्याला ह्याने बापाचं नाव दिलं, जेम्स डब्ल्यू. एल्सवर्थ लँड. नकाशावर आता नुसतं एल्सवर्थ लँड लिहितात, मला ते पूर्ण नावच ठेवायला हवं होतं असं वाटतं.

न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमलाही त्याने भरपूर मदत केली, आणि पोलर स्टार अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकलं, ते अजून त्यांच्याकडेच आहे. कधीतरी जाऊन बघायचंय.