परिचयपत्रातला राजदूत

साताऱ्यात व्याख्यानमालांना श्रोत्यांची वानवा नाही. वानवा असते ती वक्त्याचा परिचय छापण्यापूर्वी तपासून पाहणाऱ्यांची. आमच्या वाचनालयाच्या यंदाच्या मालेसाठी एका निवृत्त गृहस्थांचे नाव सुचवले गेले आणि त्या नावापुढे, दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या पत्रिकेवरून उतरवून घेतलेले, ‘१९८० च्या दशकातील जर्मनीचे माजी राजदूत’ असे वर्णन आले. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालावा, म्हणून तो माझ्याकडे पाठवला होता.

‘जर्मनी’ या शब्दापाशीच मी अडखळलो. त्या दशकात जर्मन्या दोन होत्या आणि भारताचे दूतावासही दोन: एक पश्चिम जर्मनीची राजधानी असलेल्या बॉनला आणि पूर्व जर्मनीला १९७२ साली मान्यता दिल्यानंतरचा दुसरा पूर्व बर्लिनला. यांपैकी एका ठिकाणी जो खरोखर राजदूत होता, तो कोणत्या जर्मनीत होता हे सांगायला विसरणार नाही. शिवाय राजदूतपद ही झाकून राहणारी गोष्ट नव्हे. नेमणुकीची घोषणा परराष्ट्र मंत्रालय करते, राष्ट्रपतींचे अधिकारपत्र त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाला समारंभपूर्वक सादर होते आणि अनेक दूतावासांच्या संकेतस्थळांवर आजवरच्या राजदूतांची नावे सालवार दिलेली असतात. दोन्ही जर्मन्यांच्या राजदूतांत या गृहस्थांचे नाव मला सापडले नाही.

अशा दाव्यांची परीक्षा माणसापेक्षा सनावळीने घेतलेली बरी. इस्रायलशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले, त्यामुळे १९८५ साली तेल अवीवच्या भारतीय दूतावासात असल्याचे कोणी सांगितले तर पुढे काही विचारण्याची गरजच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेशी संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. चीनमधला पेकिंगचा (आजच्या बीजिंगचा) दूतावास १९६२ च्या युद्धानंतरही चालू राहिला, पण के. आर. नारायणन १९७६ साली तेथे जाईपर्यंत भारताचा राजदूत तेथे नव्हता. म्हणजे १९७० साली पेकिंगला नोकरीस असणे शक्य आहे, राजदूत असणे नाही.

मात्र यादीत नाव नाही म्हणजे माणूस खोटा, असेही म्हणता येत नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत गेले नव्हते. १९४८ साली नैरोबीला गेले ते ‘कमिशनर’ म्हणून, कारण केनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. पुढे गंगटोकला ते ‘पोलिटिकल ऑफिसर’ होते. राजदूत झाले ते त्यानंतर. खऱ्या कारकिर्दीत अशी आडवळणाची पदनामे भेटतातच, आणि सगळे कसे गुळगुळीत वाटू लागले की मला उलट संशय येतो.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करावा, असे कार्यवाहांनी सुचवले. तो मार्ग आहेच, पण उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि वैयक्तिक माहिती म्हणून नकारही येऊ शकतो. त्यापेक्षा त्या गृहस्थांनाच विचारणे मला अधिक सभ्यपणाचे वाटले. राजवाड्यामागच्या गल्लीत ते राहतात. “काका, पत्रिकेत आपले पदनाम नेमके काय घालू?” एवढेच मी विचारले.

त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तीत पांढऱ्या मुखपृष्ठाचा, कोपरा कापून रद्द केलेला ऑफिशियल पासपोर्ट होता आणि बॉनच्या दूतावासातील बदलीचा टंकलिखित आदेश. पदनाम होते लघुलेखक. राजनैतिक अधिकाऱ्यांचा पासपोर्ट मरून रंगाचा असतो. दूतावास चालवणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांना हा पांढरा मिळतो. पिशवीच्या तळाशी त्यांच्या पूर्वीच्या भाषणांच्या तीन पत्रिकाही होत्या. सर्वांत जुनीवर ‘परराष्ट्र खात्यातील निवृत्त कर्मचारी’, मधलीवर ‘दूतावासातील वरिष्ठ अधिकारी’ आणि तिसरीवर ‘माजी राजदूत’.

“मी कधी तसं सांगितलं नाही हो,” ते म्हणाले. “मग दुरुस्त का नाही केलंत?” यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, “हार घालून झाल्यावर कसं सांगणार?” हे उत्तर मला पुरते पटलेले नाही. पत्रिका हार घालण्याच्या कितीतरी आधी हातात येते, आणि तिसरी पत्रिका त्यांनी जपूनही ठेवली होती. तरीही दोषाचा मोठा वाटा मी संयोजकांच्याच पदरात टाकीन, कारण लघुलेखकाच्या भाषणाला गर्दी होणार नाही हे त्यांनी आपल्या मनानेच ठरवून टाकले होते.

वास्तविक त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. राजदूताने बोललेले वाक्य कागदावर उतरल्यानंतर कोणत्या टप्प्यावर बदलते, राजनैतिक टपालाची मोहोरबंद थैली दिल्लीला निघण्यापूर्वी कशी धावपळ उडते, दिल्लीचे मंत्री येणार असले की लघुलेखकाची जेवायची वेळ कशी हुकते, हे ते इतके तपशीलवार सांगत होते की चहा निवला. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्या थैलीला दिलेले संरक्षण आपण वाचतो. ती बांधणाऱ्याचे बोलणे क्वचितच ऐकतो.

आमच्या पत्रिकेवर आता ‘बॉन येथील भारतीय दूतावासात लघुलेखक म्हणून सेवा’ असे छापले जाणार आहे आणि काकांनी मुद्रितावर सहीही केली आहे. ‘माजी राजदूत’ छापणाऱ्या संस्थेला कळवावे की नाही, यावर आमच्या कार्यकारिणीत अजून एकमत झालेले नाही. माझे मत कळवावे असेच आहे, कारण पुढचा कोणीतरी तीच पत्रिका समोर ठेवून परिचय लिहायला बसेल.